पडदा आला, माणूस कुठे आहे?

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या पडद्याने मुलं शिकत नाहीत. हे वाक्य वसई-विरार महापालिकेत, पालघर जिल्हा परिषदेत आणि सीएसआरचे पैसे वाटणाऱ्या कंपन्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

आपल्याकडे शाळा 'डिजिटल' कशी होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देणगीदार ठरतो. स्मार्ट टीव्ही येतो, टॅब येतात. फीत कापली जाते, फोटो निघतो, शाळेच्या दारावर 'डिजिटल शाळा' असं रंगवलं जातं. टीव्ही बिघडला तर कोण बघणार, हे कुठल्याच कागदावर नसतं. वीजबिल कोण भरणार, तेही नसतं. ज्या शाळेचा पट 30 पर्यंत आहे तिला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यात खडू, रजिस्टरं, झाडू, नळाची तोटी, डागडुजी आणि वीज हे सगळं बसवायचं. वसई पूर्वेच्या एखाद्या पाड्यावर पहिल्या पावसात लाइट गेली, परत आली तेव्हा व्होल्टेजने टीव्हीचा बोर्ड उडाला, की त्या दहा हजारांत तो दुरुस्त होत नाही. मग टीव्हीवर चादर टाकतात. बिल थकलं म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून वर्षानुवर्षं येत आहेत. त्या वाचूनही पुढचा टीव्ही तसाच दिला जातो.

याच पालघर जिल्ह्यात यापेक्षा फार अवघड तंत्रज्ञान माणसांनी पेललं आहे. विरारहून डहाणू लोकल पकडा आणि बोईसरला उतरा. तिथून जवळच तारापूर. देशातला पहिला अणुवीज प्रकल्प तिथे 1969 मध्ये सुरू झाला. अणुभट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, करार 1964 चा. पण होमी भाभांनी ट्रॉम्बेला अणुशास्त्राचं प्रशिक्षण विद्यालय काढलं ते 1957 मध्ये, म्हणजे तारापूरच्या कराराच्या सात वर्षं आधी. हाताखाली वीज बनवणारी अणुभट्टी नसताना त्यांनी माणसं तयार करायला घेतली. त्याची किंमत पुढे कळली. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हळूहळू हात आखडता घेतला. इंधन अडलं, सुटे भाग अडले. तरी तारापूर बंद पडलं नाही, त्यात आतलं यंत्र समजलेल्या इथल्या माणसांचा मोठा वाटा होता. त्याच आवारात 2005-06 मध्ये 540 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, त्या भारतीय अभियंत्यांच्या आराखड्याच्या. (त्यासाठी ज्यांची घरं गेली त्या पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांचा प्रश्न मोठा आहे. तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.)

विकसनशील देशात विज्ञान-तंत्रज्ञानाची क्षमता उभी राहते ती अशी. विकत आणलेल्या वस्तूची किल्ली आपल्या माणसाच्या हातात असावी लागते. 1964 मध्येच पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी इटलीतल्या त्रिएस्तेला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र काढलं. लाहोरला शिकवताना आलेला एकटेपणा त्यांनी स्वतः भोगला होता. संशोधन करायचं तर देश सोडा, देशात राहायचं तर संशोधन सोडा, अशी पाळी गरीब देशातल्या शास्त्रज्ञावर येऊ नये, म्हणून त्यांनी सहयोगी शास्त्रज्ञांची योजना केली: अधूनमधून त्रिएस्तेला या, नव्या कामाशी जोडून घ्या आणि परत आपल्या देशात जाऊन शिकवा. तिथेही गुंतवणूक माणसातच होती.

अणुशास्त्र फार लांबचं वाटत असेल तर बोर्डी-कोसबाड बघा, तेही याच जिल्ह्यात. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर राहिल्या. वारली मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेली आणि तिचं नावच कुरणशाळा पडलं. बिया, शिंपले, पानं, खडे हे तिथलं शैक्षणिक साहित्य. मोडलं तर नवं उचलून आणायचं, कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही. या दोघी सगळ्यात जास्त खपल्या त्या बालसेविका तयार करण्यासाठी. अंगणवाडी ही कल्पना आज देशभर आहे. ती आपल्या जिल्ह्यातून गेली, आणि आपण मात्र परगावच्या कंपनीकडून तयार धडे भरलेला पेनड्राइव्ह घेऊन समाधानी आहोत.

यंत्र आधी आणि माणूस नंतर, हा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. दर मुलाला एक लॅपटॉप या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्यापासून फार लांब नाही, रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीत झाला. तिथे मुलं रमली, कारण शिक्षक त्यांच्याबरोबर बसत होता. पेरू देशाने मात्र हेच लॅपटॉप लाखोंनी वाटले. 2012 मध्ये तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉपमुळे काहीही फरक पडलेला नव्हता. इतकं स्पष्ट उत्तर समोर असताना आपण टॅबचे खोके मोजत बसतो, याचा राग यायला हवा.

महाराष्ट्राला हे जमत नाही असं मुळीच नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाली ती संदीप गुंड या शिक्षकाच्या डोक्यातून. यंत्र काय करतं हे त्या शिक्षकाला आधी समजलं होतं, आणि मग त्याने इतर शिक्षकांनाही शिकवलं. 2015 नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून वर्ग सजवले. पोटाला चिमटा घेऊन दिलेले ते पैसे आहेत, त्या टीव्हीवर धूळ बसणं हा त्या लोकांचा अपमान आहे. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची, पहिली ते आठवीसाठी, मराठीतून, घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृतींसह. ज्या घरात डेटा पॅक नव्हता तिथेही टीव्ही असण्याची शक्यता जास्त होती. कोणतं साधन कुठे पोचतं याचा कुणीतरी आधी नीट विचार केला होता.

आता आपल्या शिक्षकाकडे बघू. त्याच्या हातात मोबाइल आहे, नेटही आहे, पण त्यातलं बहुतेक नेट वरिष्ठांना माहिती पाठवण्यात खर्च होतं. सरल आणि यूडायस प्लस ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, निवडणुकीची कामं, आणि ग्रुपवर 'माहिती आजच भरा'. आंतरजिल्हा बदलीने शिक्षक जातात आणि पालघरमधल्या जागा रिकाम्या राहतात. जो उरतो तो दोन-तीन इयत्ता एकत्र बसवतो. नालासोपाऱ्यात त्याच्या वर्गात घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं असतात, भाताण्याकडे वारली आणि कातकरी. पडद्यावरचा धडा सगळ्यांना एकच. मधला पूल त्या शिक्षकानेच बांधायचा असतो, आणि तो बांधायला त्याच्याकडे वेळच ठेवलेला नाही.

वसई-विरारचा आणखी एक घोळ आहे. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून जुलै 2009 मध्ये महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. एवढ्या शहराच्या महापालिकेने दहा-बारा वर्षं उलटली तरी स्वतःच्या प्राथमिक शाळा चालवल्या नाहीत. शाळा जिल्हा परिषदेच्या राहिल्या आणि हस्तांतरणाच्या फायली इकडून तिकडे फिरत राहिल्या. शाळा नालासोपाऱ्यात, मालक पालघरला. अशा शाळेतल्या बंद टीव्हीसाठी मुख्याध्यापकाने दार कुणाचं ठोठावायचं?

आणि दुरुस्त करणारी माणसं तर इथेच आहेत. वसई रोडला विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1994 पासून आहे. विरारच्या शिरगावला विवाचं आहे. दर वर्षी शेकडो मुलामुलींना प्रोजेक्टसाठी विषय हवा असतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकही आहेत. या मुलांनी एकेक जिल्हा परिषद शाळा दत्तक घ्यावी: वायरिंग तपासावं, स्टॅबिलायझर बसवावा, नेट नसताना चालणारा छोटा सर्व्हर लावावा, शिक्षकाबरोबर बसून वारली बोलणाऱ्या मुलांसाठी चार धडे ध्वनिमुद्रित करावेत. यातून शाळेला तंत्रज्ञ मिळेल आणि भावी अभियंत्याला खरं काम. यासाठी नवा विभाग नको, नवी निविदा नको. महापालिका, जिल्हा परिषद आणि दोन प्राचार्यांची एक बैठक पुरेशी आहे.

महापालिकेने शाळांचा ताबा आणि वीजबिलाची जबाबदारी दोन्ही एकदमच घ्यावी. जिल्हा परिषदेने देखभालीच्या कराराशिवाय एकही उपकरण दान म्हणून स्वीकारू नये, दाता कितीही मोठा असला तरी. तुमचं मंडळ किंवा सोसायटी यंदा एखाद्या शाळेला टीव्ही द्यायचं ठरवत असेल, तर आधी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेला जाऊन बसा. मागचा टीव्ही चालू आहे का, ते विचारा. बंद असेल तर नवा घेऊ नका. आहे तो दुरुस्त करून द्या, तीन वर्षांचं वीजबिल भरा, आणि उरलेल्या पैशांत तिथल्या बाईंना किंवा गुरुजींना एखाद्या चांगल्या प्रशिक्षणाला पाठवा.