डेटाबेसवरचा संशय

सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा, म्हणजे मुख्यतः 2009 साली रायन डाल यांनी पुढे आणलेल्या नोड.जेएसचा, एक स्वभावविशेष असा की अ‍ॅप्लिकेशनचे जावास्क्रिप्ट सामान्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे सूचनांच्या एकाच ओळीत, चालते. त्यामुळे एखादे फंक्शन तीनशे मिलिसेकंद रेंगाळले, तर तेवढा वेळ बाकीच्या विनंत्या मुकाट्याने ताटकळतात. अशा वेळी दोष कोणाचा, हे ठरवण्याची परंपरागत पद्धत म्हणजे बैठक. बैठकीत डेटाबेस दोषी ठरतो, कारण तो हजर नसतो आणि त्याची बाजू मांडणारा सहकारी बहुधा रजेवर असतो.

सतत प्रोफाइलिंग, म्हणजे चालू अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रोसेसरचा वेळ व मेमरी कोणत्या फंक्शनवर खर्च होते याची अहोरात्र नोंद ठेवणे, या न्यायदानात नको तितकी ढवळाढवळ करते. त्यासाठी अ‍ॅप्लिकेशनच्या सुरुवातीलाच एक लायब्ररी जोडतात. तिच्यामार्फत व्ही8 हे जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन ठरावीक अंतराने टिपून ठेवते की या क्षणी कोणते फंक्शन चालू आहे आणि त्याला कोणी बोलावले. प्रत्येक हालचाल न टिपता असे नमुने घेतल्याने भार बेताचा राहतो आणि हे साधन ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरवरही चालू ठेवता येते. ते तेथेच ठेवावे लागते, कारण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, दहा ओळींच्या डेटापुढे, कोणतेही अ‍ॅप्लिकेशन सज्जनासारखेच वागते. नमुन्यांचा वेग पुष्कळदा सेकंदाला 100 ऐवजी 99 ठेवतात. बाटाच्या किमती आठवणे स्वाभाविक असले, तरी येथे कारण निराळे आहे: सेकंदाला बरोबर शंभर वेळा होणारे एखादे काम नमुन्यांशी पाय जुळवून बसले, तर ते एक तर प्रत्येक नमुन्यात दिसेल किंवा एकाही नमुन्यात दिसणार नाही.

हे नमुने फ्लेमग्राफवर, म्हणजे ब्रेंडन ग्रेग यांनी 2011 साली तयार केलेल्या आकृतीवर, मांडतात. तिच्यात पट्टीची रुंदी वेळेचा वाटा सांगते. डावी-उजवी बाजू काळाचा क्रम सांगत नाही आणि रंगाला सहसा काहीच अर्थ नसतो, तरीही नवखा वाचक सर्वांत लालभडक पट्टीवर बोट ठेवून चिंता व्यक्त करतो. प्रोसेसरच्या प्रोफाइलमध्ये डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्याचा वेळ दिसतच नाही, म्हणून तेवढ्यावर त्याला निर्दोष सोडणे हाही घाईचा निकाल ठरेल; मात्र नोडचा प्रोसेसर पुरता घामाघूम झाला असेल, तर त्याला राबवणारा घरातलाच असतो. नमुनेदार आरोपी म्हणजे डीबग-लॉगची, म्हणजे चुका शोधण्यासाठी नोंद लिहिणारी, एक निरुपद्रवी ओळ. डीबग-नोंदी बंद असल्याने लॉगर आलेला मजकूर न वाचताच टाकून देतो. पण जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनला द्यायचे मूल्य आधी तयार होते आणि मग फंक्शन चालते, म्हणून ग्राहकाची अख्खी ऑर्डर, पत्ता आणि सवलतीच्या कूपनासकट, दर विनंतीला जेसन.स्ट्रिंगिफायमधून, म्हणजे डेटाचा मजकूर बनवणाऱ्या फंक्शनमधून, इमानेइतबारे बाहेर पडते आणि थेट कचऱ्यात जाते, आणि तो कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर पुन्हा त्याच प्रोसेसरकडे वेळ मागतो. ओळ कोणाची, हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट विनाविलंब सांगते आणि व्यक्तीपेक्षा प्रक्रिया महत्त्वाची असते, हे तत्त्व बैठकीला एकमताने सुचते.

ज्या फंक्शनांचे बारसेच झालेले नसते, ती आकृतीत ‘अ‍ॅनॉनिमस’ या एकाच नावाने वावरतात. शिवाय मूळ टाइपस्क्रिप्ट कोड एकाच फाइलमध्ये गोळा करून एका ओळीत आवळलेला असून सोर्समॅप, म्हणजे तयार फाइलमधील जागा मूळ फाइलशी जुळवणारा नकाशा, जोडलेला नसेल, तर साऱ्या गुन्ह्यांचा पत्ता एकाच अगडबंब फाइलची पहिली ओळ असा निघतो. त्यावर सोर्समॅप जोडण्याचे तिकीट तातडीने काढले जाते आणि तितक्याच तातडीने पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलले जाते.