चंद्र म्हटले की चंद्र

जुन्या मराठी गाण्यावर एखाद्या रसिकाने घरबसल्या चित्रे चिकटवून यूट्यूबवर चढवलेल्या स्थिरचित्रमालिकेला व्हिडिओ म्हणतात. तिच्यात हलणारी वस्तू सहसा एकच असते : कोपऱ्यात उघडमीट करणारा गुलाब.

मुळात भावगीताला चेहरा नव्हता. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी १९३२च्या सुमारास तबकडीवर गायली, तेव्हापासून हा प्रकार कानांवरच जगला. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला; तोवर गिरगावातल्या चाळकऱ्याला शेजाऱ्याचा रेडिओ पुरे होता आणि नायिका कशी दिसते, हे ज्याचे त्याने ठरवलेले होते. ती मोकळीक आता संपली आहे.

चित्रनिवडीचा नियम शब्दशः चालतो. चंद्र म्हटले की चंद्र, वाट म्हटली की वाट. ‘मन’ आले की पंचाईत होते. तिथे लाल बदाम टाकून वेळ निभावतात. पाऊस असेल तर ओघळणारी काच आणि काचेपलीकडे लंडन. शीळ दाखवता येत नाही, म्हणून रान दाखवावे लागते, आणि तेही बहुधा कॅनडातले. ठाकुरद्वारच्या चाळीची गॅलरी, दोरीवरची धोतरे, परळच्या गिरण्यांच्या चिमण्या यांना प्रवेश नाही. वास्तविक यातली बरीचशी गाणी तिथेच ऐकली गेली. पण ट्युलिपची सर धोतराला येत नाही.

शाहिरीचे त्याहून सोपे आहे. डफ वाजला की गड आणि भगवा झेंडा. गिरणगावात कामगारांपुढे उभ्या राहणाऱ्या अमर शेखांच्या वाट्यालाही गडच येतो. त्यांच्या कलापथकाच्या नावातच लाल बावटा होता, ही अडचण संकलनात दूर होते.

गीतरामायणानेही बरीच वाट पाहिली. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही छप्पन्न गीते बत्तीस वर्षे चित्रांवाचून होती. १९८७मध्ये रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका आली आणि तिच्यातल्या चित्रांमुळे सुधीर फडके यांच्या स्वरांना एकदाचे मुकुट मिळाले.

श्रेयाची मांडणीही ठरलेली. कवीचे नाव वर्णनात खाली, संगीतकाराचे आठवले तर. चित्रे चिकटवणाऱ्याचे नाव मात्र गायिकेच्या कपाळावर, शेवटपर्यंत. न्याय करायचा तर हेही नोंदवले पाहिजे, की कंपन्यांनी अडगळीत टाकलेल्या कित्येक तबकड्या या मंडळींमुळेच आज कानी पडतात, खरखरीसकट. डोळे मिटून ऐकल्यास हा उपक्रम निर्दोष आहे.

‘हेतू केवळ रसिकांचा आनंद’ अशी पाटी टाकली की कायदा लागू होत नाही, अशी दादरपासून गिरगावापर्यंत समजूत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याला ती ठाऊक नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. शब्द आणि चाल यांचा कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील. सुधीर फडके २००२मध्ये गेले. चालींना २०६२ अखेरपर्यंत थांबावे लागेल. उघडमीट करणाऱ्या गुलाबाचा मालक कोण, याची चौकशी अद्याप कोणी केलेली नाही.