नकाशात कूलर कुठे आहे?

गोंदिया कुठे संपतं आणि कुडवा कुठे सुरू होतं, हे आता डोळ्यांना कळत नाही, फक्त कराची पावती सांगते. जिथे धानाचे बांध होते तिथे ले-आऊट पडले, ले-आऊटवर पाट्या लागल्या आणि पाट्यांवर रो हाऊस उगवले. चाळीला जिना आणि कर्ज जोडलं की तिचं रो हाऊस होतं. अशाच एका रांगेतलं मधलं घर आम्ही घेतलं. दोन्हीकडे भिंतीला भिंत, उजेड आला तर पुढून नाही तर मागून. रुंदी 15 फूट. दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ इंची भिंती वजा केल्या की आत राहतात साडेतेरा.

ठेकेदार मनाने मोठा. "बाहेरच्या भिंती आन् कॉलम सोडून आतमंधी का बदलवाचं ते बदलवा," म्हणाला. कैद्याला कोठडीत हव्या त्या कोपऱ्यात बसायची मुभा असते, तशी ही मुभा. पण तेवढीही आमच्या घराला जड गेली.

इंजिनिअर साहेबांनी काढलेल्या पहिल्या नकाशातलं घर फार देखणं होतं, कारण त्यात आम्ही नव्हतो. हॉलमध्ये सोफा, बेडरूममध्ये दोन उशांचा पलंग, टेबलाभोवती चार खुर्च्या. बाबा, आम्ही दोघं आणि दहावीतली लेक, म्हणजे हिशेब चोख. पण गोंदिया हे जंक्शन आहे. बालाघाट-जबलपूरकडे जाणारा, बल्लारशाहकडे जाणारा, हावड्याच्या गाडीतून उतरून पुढची गाडी धरणारा प्रत्येक नातेवाईक मधल्या तीन तासांत आमच्याकडे जेवून जातो. आमच्या पंगतीला नेमकी चार माणसं फक्त ग्रहणात सापडतील.

बाबांनी चष्मा चढवून नकाशा बराच वेळ पाहिला, मग विचारलं, "सर्व ठीक आहे बापा, पण कूलर कुठं आहे?"

साहेब हसले. "काका, एसी लावसाल ना." बाबा हसले नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. त्या दिवसांत वीज येते-जाते आणि एसीचं बिल मात्र न चुकता येतं. कूलर इन्व्हर्टरवरही बिचारा घरघरत राहतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं, की विदर्भात कूलर ही वस्तू नसून घरातला एक सदस्य आहे आणि त्याच्या अटी असतात. त्याची पाठ बाहेर हवी, कारण त्याला कोरडी हवा ओढायची असते. तोंड आत हवं. समोरच्या बाजूला एक खिडकी उघडी हवी, नाही तर ओली हवा खोलीतच कोंडते आणि माणूस घामाने चिकट होतो तो होतोच, वर पापडही सादळतात. शिवाय टाकीत पाणी भरायला नळीचा हात पोचला पाहिजे. ज्या खोलीला बाहेरची भिंत नाही तिथे कूलर नाही. म्हणजे रो हाऊसची मधली खोली मार्च ते जून बाद. साहेबांनी बाबांची खोली नेमकी तिथेच, जिन्याशेजारी काढली होती. गुडघे दुखतात म्हणून खाली, आणि बाथरूम जवळ म्हणून मध्ये. हेतू चांगला होता, पण मेमध्ये बाबा त्यात वाफवले गेले असते.

बाबांना मागे सरकवलं तर स्वयंपाकघर अर्धं होत होतं. ही चर्चा रंगात असतानाच आमचे एक वास्तुशास्त्री आप्त बालाघाटची गाडी चुकवून घरी आले. घर पूर्वाभिमुख; तेव्हा स्वयंपाकघर आग्नेयेला, असा त्यांनी निकाल दिला. पूर्वाभिमुख घराचा आग्नेय कोपरा म्हणजे आमची मोटरसायकल उभी राहायची जागा. ती तरी कुठे हलवायची? मग त्यांनी उदार होऊन वायव्य चालवून घेतली. त्यामुळे मागच्या बाजूला उत्तरेकडे स्वयंपाकघर गेलं आणि उरलेला नैर्ऋत्य कोपरा बाबांना. नैर्ऋत्य म्हणजे कर्त्या पुरुषाची जागा. बाबा एकदम खुलले. पश्चिमेचं दुपारचं ऊन त्याच भिंतीवर पडतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. कूलरच्या खिडकीवर रुंद सज्जा टाकायचं मात्र मी ठेकेदाराला गुपचूप सांगून ठेवलं.

आता साडेतेरा फुटांची वाटणी. मध्ये साडेचार इंची भिंत. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची जी व्याख्या केली, तिच्यात आतल्या भिंतींखालची जागाही धरलेली आहे. म्हणजे ज्या साडेचार इंचांवर आम्हाला कधीच उभं राहता येणार नाही, ते कायद्याने आमचे. बाकी हिश्शांत बाबांना आले 6 फूट साडेदहा इंच आणि बायकोला 6 फूट 3 इंच.

बायको गप्प झाली. तिचं गप्प होणं मला परवडत नाही, म्हणून मी अभ्यास केला. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून एक छोटं स्वयंपाकघर आखलं. रुंदी 1.9 मीटर, लांबी 3.4. जगभरातल्या आजच्या किचन ओट्याची ती आजी. आणि 1.9 मीटर म्हणजे किती? बरोबर 6 फूट 3 इंच! मी हे मोठ्या विजयाने सांगितलं.

"अजी, त्या बाईनं स्वतः त्याच्यात सैपाक केला होता का?" बायकोने विचारलं.

इथे थांबायला हवं होतं, पण खरं सांगणं भाग पडलं. तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं त्या बाईंनीच पुढे सांगून टाकलंय. विषय संपला. बायकोला बाबांच्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा मिळाला, मिक्सरपुरता.

चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचं उदाहरणही मी काढून पाहिलं. फ्रान्समध्ये मार्सेला त्याने 1952 मध्ये पुरी केलेली प्रचंड इमारत आहे, तिच्यातलं एकेक घर 3.66 मीटर, म्हणजे 12 फूट रुंद. आपल्याकडे तर दीड फूट जास्तच आहे, असं म्हणून मी बाबांकडे पाहिलं.

"त्याईले वर्षाचे तांदूळ नसन ठेवा लागत," बाबा म्हणाले.

तांदूळ! दिवाळीनंतर धान निघालं की वर्षाचा तांदूळ घरात पडला पाहिजे, ही आमच्या जिल्ह्याची रीत. आमची पत्र्याची कोठी अडीच फूट व्यासाची, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. साहेबांनी नकाशावर न बघताच उत्तर दिलं, "जिन्याखाली."

जिन्याखालची जागा म्हणजे घरबांधणीतली जादूची पिशवी. इन्व्हर्टर? जिन्याखाली. चपला? जिन्याखाली. पावसाळा लागल्यावर निवृत्त झालेला कूलर? तोही तिथेच. मजला 10 फूट उंच, 7 इंचांची एकेक पायरी, मधल्या वळणावर चौरंग. त्या चौरंगाखाली जेमतेम साडेचार फूट उंची मिळते. कोठी तिथे बसते, हे मी मोजून पाहिलं. फक्त तिचं झाकण उघडत नाही. खालच्या तोंडातून तांदूळ काढता येईल, पण भरायचा कसा, याचं उत्तर ना साहेबांकडे होतं ना फ्रँकफर्टकडे. शेवटी कोठी बाबांच्या उशाशी गेली. मिक्सरच्या कोनाड्यामुळे गेलेल्या इंचांची ही भरपाई, असं ते समजतात.

आणि आलमारी. बायकोच्या लग्नातली लोखंडी आलमारी साडेसहा फूट उंच, जिन्याचं वळण तीन फुटांचं. ॲमस्टरडॅमची जुनी घरं अशीच चिंचोळी, तिथे कपाटं जिन्यातून नेतच नाहीत. घराच्या माथ्यावर लोखंडी आकडा असतो, त्याला दोर लावून सामान खिडकीतून घेतात. हे ऐकून ठेकेदाराला काही नवल वाटलं नाही. "आमीबी तसंच करतो. बालकनीची रेलिंग आलमारी आल्यावर लावू."

नकाशा पक्का झाला आणि प्लॉटवर फक्की मारली गेली. पांढऱ्या रेघांमधलं घर पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. लेक तिच्या भावी अभ्यासाच्या टेबलाजवळ, म्हणजे हवेतल्या पहिल्या मजल्याच्या खाली, हिशेब करत उभी. बायको स्वयंपाकघरात शिरली, हवेतली कढई उतरवून मागे वळली आणि तिचं कोपर रेघेपलीकडे बाबांच्या खोलीत गेलं. बाबांनी सिमेंटचं रिकामं पोतं अंथरलं आणि आपल्या जागी सरळ आडवे झाले. पाय रेघेच्या आत राहतात का, ते मान उचलून पाहिलं. राहिले. मिस्त्री बिडी विझवत म्हणाला, "पायात घर लहानच दिसते भाऊ. भिंती आल्या का मोठं होते." हे वाक्य तो प्रत्येक प्लॉटवर म्हणत असावा. गंमत म्हणजे ते खरं आहे. उघड्या आभाळाखाली कुठलीही खोली खुराड्याएवढीच दिसते.

आता पाया जोत्यापर्यंत आलाय. बाबांच्या खिडकीचं माप कूलर उचलून नेऊन घेतलं, टेपवर त्यांचा विश्वास नाही.

आमच्या दक्षिणेचं घर अजून विकलं गेलेलं नाही. ते जो कोणी घेईल त्याला एवढीच विनंती: तुमचा जिना मागच्या बाजूला आमच्या भिंतीला लावू नका, बाबांची झोप हलकी आहे. पाण्याची मोटर रात्री 10 नंतर नको. तांदूळ कमी पडले तर खुशाल मागा. आणि भिंत सामाईक आहे, तेव्हा खिळा ठोकण्याआधी एक आवाज द्या, पलीकडून तांदळाची कोठी आहे का बाबांचं डोकं, ते पाहून सांगतो.