अढी उकरणारे

काही माणसांच्या हाती आंब्याची अढी सोपवू नये. रात्री पेंढा घालून झाकली, की पहाटे उठून ती एकेक फळ दाबून बघणार. संगणकाच्या जगात अशी माणसं लिनक्स वापरतात, त्यातही डेबियनची ‘टेस्टिंग’ शाखा. डेबियनची अढी तशी रीतसर असते. नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये पडतं. तिथे दोन, पाच किंवा दहा दिवस मुरलं आणि कुणी नवा गंभीर दोष नोंदवला नाही, तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं, मग साधारण दोन वर्षांनी अख्खी टोपली ‘स्टेबल’ म्हणून बाहेर येते. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात : २०२३ची ‘बुकवर्म’, २०२५ची ‘ट्रिक्सी’. अनस्टेबल मात्र कायमची ‘सिड’, म्हणजे शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. दारावर एवढी पाटी लावूनही लोक आत शिरतात आणि वर चहा मागतात.

टेस्टिंगवाला लांबून ओळखू येतो. कसं काय चाललंय विचारलं, की कर्नलचा आकडा सांगतो. लग्नाला निघताना बायको चप्पल घालेपर्यंत पाच मिनिटं हाताशी आहेत म्हणून अपग्रेड लावतो, आणि तिकडे अक्षता पडतात तेव्हा हा घरी काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचत असतो. चेहऱ्यावर दुःख म्हणाल तर नाही. ऑपरेशनचे टाके पाहुण्यांना दाखवणाऱ्याचं समाधान असतं. त्याच्या समोर स्टेबलवाला. आपलं मशीन चारशे दिवस बंद केलेलं नाही, हे तो नातवाचे मार्क सांगावेत तसं सांगतो. (म्हणजे कर्नलच्या सुरक्षा-दुरुस्त्याही चारशे दिवस लागू झालेल्या नाहीत, हे सांगत नाही.) नवं काही दाखवलं, की ‘स्टेबलमध्ये आलं की बघू’ एवढंच उत्तर. जाणकार कौल देतात तो याच्या बाजूने : हा शहाणा, तो उपद्व्यापी. मला हा कौल अर्धाच पटतो.

मुळात स्टेबल म्हणजे न बदलणारं, निर्दोष नव्हे. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या साधनात एक किरकोळ वाटणारी दुरुस्ती झाली आणि तिने तयार होणाऱ्या किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या करून ठेवल्या. २००७मध्ये हा दोष स्टेबलचा शिक्का घेऊन बाहेर पडला आणि उघडा पडला तो मे २००८मध्ये. आता मार्च २०२४ बघा. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा प्रोग्रामर. डेबियन सिडवर त्याला दिसलं, की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. स्टेबलवाल्याने तेवढ्यात एक जांभई दिली असती. फ्रॉइंडने उकरलं, आणि डेबियनच्या स्टेबलपर्यंत पोचण्याआधीच चोर सापडला.

हा निव्वळ योगायोग, असं कुणी म्हणेल. असेल, पण योगायोगालाही अढीपाशी कुणीतरी बसलेलं लागतं. याहून अवघड प्रश्न दुसराच. ओपनएसएसएलचा तो दोषही अनस्टेबल आणि टेस्टिंगमधूनच पुढे गेला होता, तेव्हा ही उकरणारी बोटं कुठे होती? इथे टेस्टिंगवाल्याची मर्यादा कबूल करायला हवी. त्या कच्च्या किल्लीनेही कुलूप बिनबोभाट उघडत होतं. बोटाला मऊ न लागणारी कीड त्याला कळत नाही. आणि कळली, तरी बरेच जण पडद्याचा फोटो काढून मिरवण्यापलीकडे जात नाहीत. ‘रिपोर्टबग’ चालवून कुठल्या आवृत्तीत, काय केल्यावर, काय मोडलं हे लिहून कळवणारा एखादाच. स्टेबलवाल्याची चारशे दिवसांची पुण्याई त्या एखाद्याच्या जागरणावर उभी असते. बाकीच्यांनी नुसतेच आंबे दाबून काळे केलेले असतात.

चोरदरवाजा सापडल्यावर डेबियनने एक्सझेड मागे नेलं. पण अपग्रेडमध्ये आकडा खाली उतरवता येत नाही. म्हणून जुन्याच मालावर चिठ्ठी लावली : ‘५.६.१+रियली५.४.५’. बुकवर्मच्या स्टेबलवाल्याकडे ५.४.१ होतं, त्याने काहीच केलं नाही. टेस्टिंगवाल्याने रात्रीच अपग्रेड लावलं, चिठ्ठी दोनदा वाचली, आणि खरा आकडा धरला तरी आपलाच मोठा आहे हे बघून निवांत झोपला.