घाट चढले, डोकंही चढलं

"सुमन, अगं काल भरदुपारी रिक्षा करून कुठं गेला होतात दोघं?"

"डॉक्टरांकडे, काकू. ह्यांना हिल मॅरेथॉनचं खूळ लागलंय ना! यवतेश्वराच्या घाटात पळायला जातात. परवा वरच्या वळणावर दोन्ही कानशिलं ठणाठणा उडायला लागली म्हणे. घरी येऊन डोक्याला उपरणं आवळून पडले."

"पित्त गं! रिकाम्या पोटी पळायचं, वर कडक चहा ढोसायचा."

"सासूबाईही तेच म्हणाल्या. सुंठीचा लेपसुद्धा लावून झाला. पण पन्नाशीच्या माणसाचं डोकं पहिल्यांदाच असं पळताना उठतं, ते पित्त म्हणून सोडून द्यायचं? नेलंच मी."

"मग?"

"आधी उलटतपासणी. दुखणं वीज कोसळावी तसं एका क्षणात आलं का? मान आखडली? उलटी झाली? एकाचे दोन दिसले? शुद्ध हरपली? यातलं काही असलं तर घरी थांबायचंच नाही, मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. ह्यांना तसलं काही नव्हतं, तरी स्कॅन केलं. वर ईसीजी!"

"डोक्यासाठी छातीचा कागद?"

"मीही हेच विचारलं. तर क्वचित हृदयाला रक्त कमी पडलं की छाती न दुखता डोकंच दुखतं. बसलं की थांबतं. ह्यांचं सगळं नीट निघालं."

"सुटलीस बाई!"

"निव्वळ व्यायामाची डोकेदुखी. पाच मिनिटांत जाते, नाहीतर दोन दिवस मुक्काम ठोकते. उन्हात आणि उंचावर जास्त. बऱ्याच जणांची काही महिन्यांत आपली आपण बंद होते."

"आता पळणं बंद ना?"

"कुठलं! आधी पंधरा मिनिटं चालून अंग गरम करायचं, मगच घाट. पाणी पीत राहायचं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. पळण्याआधी घ्यायची इंडोमेथासिन म्हणून गोळी असते, पण ती पोटाला बाधते. ह्यांना बीपी, म्हणून दिलीच नाही."

"माझी गुडघ्याची गोळी आहे, देऊ?"

"काकू! असल्या गोळ्या परस्पर वाटू नका हो."

"बरं बाई. आमच्या ह्यांचंही हल्ली सिलेंडर उचलला की डोकं धरतं. मी आपली बाम चोळते."

"हल्ली म्हणजे? आधी कधी व्हायचं?"

"छे, याच महिन्यात सुरू झालंय."

"बसल्यावर थांबतं?"

"थांबतं की. लगेच."

"काकू, ती बामची बाटली ठेवा आधी. आजच्या आज दाखवून या. मी फोन करून नंबर लावते."