लागेल कधीतरी

आमची सोसायटी अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. १९७९ साली बांधलेली तीन मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि प्रत्येक स्वयंपाकघरावर आडवा पसरलेला ऐसपैस माळा. इमारत पाडायची तर २०१९ पासून एकावन्न टक्के सभासदांची लेखी संमती पुरते. आमच्याकडे ती सहा सभा, दोन भांडणं आणि शंभर बटाटेवडे एवढ्यात मिळाली. मग बिल्डरचं पत्र आलं: तीस दिवसांत जागा रिकामी करून द्यावी.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि ऐंशी पार केलेली आई. चोवीस बिऱ्हाडांची इमारत पाडायला एकावन्न टक्के पुरतात, पण तळाला चीर गेलेली बिडाची एक कढई टाकायला आमच्या घरात शंभर टक्के लागतात. पंधराव्या दिवसापर्यंत आम्ही सहासष्टच्या वर गेलो नव्हतो.

भाड्यानं घेतलेली जागा पलीकडच्याच रस्त्यावर आहे, पण तिला माळा नाही. नव्या घरांना माळे नसतात. त्याऐवजी फॉल्स सीलिंग असतं, म्हणजे ज्यावर काहीही ठेवता येत नाही असा माळा, आणि तो करून घ्यायला पैसे पडतात.

मुलगी टोरांटोला असते. व्हिडिओ कॉलवर तिनं प्रश्न दोन मिनिटांत निकालात काढला. ‘‘बाबा, सोप्पंय. तीन ढीग करा. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे मला आनंद होतो का?’’ ही पद्धत मारी कोंडो या जपानी बाईंची. त्यांच्या पुस्तकानं देशोदेशीची कपाटं रिकामी केली, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिकाही आली. मी प्रामाणिकपणे सुरुवात केली. पहिल्यांदा हाताला लागलं रेशनकार्ड. आनंद झाला नाही. मग इन्कम टॅक्सची २०११ सालची नोटीस. आनंद लांबच राहिला, घाम फुटला. मग कुकरची जुनी रिंग. मग श्रीखंडाचा डबा. त्यानं खरोखर आनंद झाला, पण उघडला तर आत सुतळी. या कसोटीनं घरातली सगळी महत्त्वाची कागदपत्रं जुन्या बाजारात गेली असती आणि आम्ही सुतळी घेऊन नव्या घरी गेलो असतो.

याच बाईंनी २०२३ मध्ये, तीन मुलं झाल्यावर आपण घर आवरण्याचा नाद बराचसा सोडून दिलाय, अशी कबुली दिली. ती बातमी मी बायकोला वाचून दाखवली. ‘‘मग ते पुस्तकपण टाकायच्या ढिगात घाला,’’ ती म्हणाली.

फोन ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, ‘‘आणि हो, माझ्या कपाटातलं काही टाकू नका हां. मी आले की बघीन.’’ तिच्या कपाटात केमिस्ट्रीची दोन जर्नल्स, एका पायाची बाहुली आणि सहावीतला रेनकोट आहे. बारा वर्षं ती ‘आले की बघते’ आहे. दर वेळी येते, कपाट उघडते, ‘‘अय्या, हे अजून आहे?’’ म्हणते आणि लावून घेते.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांपुरतंच खरं आहे असं मी समजत होतो. माळा उतरवायला काढला तेव्हा कळलं की आपली ती वस्तू आणि दुसऱ्याची ती अडगळ. माझ्या दिवाळी अंकांचे अकरा गठ्ठे बायकोला अडगळ वाटतात. तिच्या पिशव्यांच्या पिशव्या मला अडगळ वाटतात. (पिशव्यांची पिशवी प्रत्येक घरात असते. आमच्याकडे त्या पिशव्यांसाठी आणखी एक मोठी पिशवी आहे.) आणि आम्हा दोघांचं सगळंच आईला अडगळ वाटतं, कारण त्यात पितळेचं काही नाही.

मी संस्कृतीचा आधार घेऊन बघितला. ‘‘दिनकर केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, फण्या जमवल्या, दौती जमवल्या,’’ मी म्हणालो. ‘‘लोकांच्या घरची अडगळच होती ती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी सगळं मांडलं. आज त्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय झालंय, लोक तिकीट काढून बघतात. आणि त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, त्यांना साथ दिली.’’

‘‘केळकरांनी अडकित्ते जमवले,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्ही चार्जर जमवलेत.’’

चार्जर एकतीस निघाले. त्यातले चार कशाचे ते ओळखता आले. उरलेले मी न्यायच्या ढिगात ठेवले, कारण चार्जर टाकला की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन सापडतो.

भालचंद्र नेमाड्यांनी २०१० साली कादंबरीच्या नावातच जगण्याची अडगळ समृद्ध ठरवून टाकली. त्यांना ट्रकचा दर कुणी विचारला नव्हता.

अठराव्या दिवशी बोहारीण आली. हल्ली आमच्या गल्लीत ती क्वचितच दिसते, पण रिडेव्हलपमेंटची बातमी बिल्डरनंतर पहिल्यांदा तिलाच लागते. डोक्यावरचं टोपलं उतरवून ती जिन्यात बसली. वस्तूंची किंमत ठरवायचं शास्त्र मी त्या दिवशी जवळून पाहिलं. साडीचा ती पदर बघत नाही, रंग बघत नाही. निऱ्यांची जागा चिमटीत धरून ताणते. शर्टाची कॉलर उलटी करते. पँट मात्र दोन्ही हातांनी उंच, उजेडाकडे धरते आणि बैठकीतून आरपार बघते. माझ्या सात पँटी तिनं अशा एकामागून एक उजेडाकडे धरल्या. गुडघे सगळ्यांचे शाबूत होते. बैठकीतून समोरची बिल्डिंग दिसत होती.

‘‘साहेब ऑफिसात होते ना?’’ तिनं बायकोला विचारलं. चौतीस वर्षांच्या नोकरीचं मूल्यमापन इतक्या थोडक्यात आणि इतकं अचूक माझ्या एकाही वरिष्ठानं केलं नव्हतं. सात पँटी, दोन बेडशीट आणि माझ्या लग्नातला सूट यांचं मिळून एक मध्यम पातेलं ठरलं. बायकोनं झाकणासाठी आणखी एक साडी घातली. म्हणजे घरातलं सामान कमी करायला आलेल्या बाईनं जाताना एक भांडं वाढवून ठेवलं.

किंमत ही वस्तूत नसते, ती कुणाच्या हातात आहे त्यात असते, असं तेव्हा मनात आलं. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला. ज्या माणसानं जन्मभर काही जवळ ठेवलं नाही, त्याच्या या एवढ्याशा वस्तू १८ लाख डॉलरला गेल्या. घेतल्या विजय मल्ल्यांनी. सात वर्षांनी ते स्वतःच देश सोडून गेले, आणि मागं राहिलेल्या बँकांच्या लेखी त्यांच्याकडच्या महत्त्वाच्या वस्तूंची यादी वेगळीच होती. आमच्या बोहारणीनं त्या चपलांना चमचासुद्धा दिला नसता. ती चामडं घेत नाही.

टाकायच्या ढिगात विसाव्या दिवशी अकरा वस्तू होत्या. न्यायच्या ढिगात दोन खोल्या. आणि मधल्या पॅसेजमध्ये, मुलीच्या पद्धतीत नसलेला, एक चौथा ढीग आपोआप उभा राहिला होता. त्याचं नाव ‘बघू’. तडकलेली कढई बघूमध्ये. बाबांचं एचएमटी घड्याळ बघूमध्ये. २००४ पासून ते सव्वाचार वाजवतंय. एचएमटीचा घड्याळाचा धंदा सरकारनं २०१६ मध्ये बंद करायला घेतला आणि तेव्हापासून तरुण पोरं तीच घड्याळं हौसेनं शोधत फिरतात, म्हणून बघूमध्ये. लग्नात आलेल्या पाच लेमन सेटपैकी न फोडलेले दोन बघूमध्ये, ‘कुणाला तरी द्यायला’. ते दोन्ही सेट आम्हाला ज्यांनी दिले, त्यांनाही कुणीतरी दिलेले होते. एकाच्या खोक्यात आधीची चिठ्ठी आहे.

त्याच ढिगात माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यातून निघालेलं एक पातेलं होतं. स्टीलचं, दोनेक लिटरचं, जाड बुडाचं. काठाखाली टोच्यानं ठिपके ठिपके पाडून अक्षरं कोरलेली: श. वि. गो., १२-५-८७. आमच्या नात्यात गो कुणी नाही. गोरे, गोखले, गोडबोले, गोसावी, सगळे आठवून झाले. कुणाच्या तरी डोहाळजेवणाला किंवा बारशाला त्यातून बासुंदी आली असावी आणि पातेलं परत करायचं राहून गेलं असावं.

‘‘देऊन टाकू बोहारणीला,’’ मी म्हणालो.

‘‘अहो, लोकांचं आहे ते!’’

‘‘मग घेऊन जाऊ.’’

‘‘लोकांचं कसं न्यायचं?’’

घरातल्या बाकी प्रत्येक वस्तूवर वाद घालता येतो. या पातेल्यावर येईना. आपली वस्तू माणूस विकतो, मोडतो, विसरतो. दुसऱ्याची वस्तू घरात असली की ती घासूनपुसून जपावी लागते. बायकोनं ते चिंच लावून लख्ख केलं आणि ‘परत द्यायचंय’ म्हणून सगळ्यांपासून वेगळं, ओट्यावर ठेवलं.

आई या सगळ्यात फारशी पडत नव्हती. खुर्चीत बसून ढीग बघायची. एकदा मी वैतागून विचारलं, ‘‘आई, तूच सांग. आत्ता घराला आग लागली तर काय उचलशील?’’

‘‘आग कशाला, आमच्याकडे पाणी आलं होतं,’’ ती म्हणाली. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पाणी आलं पाणी आलं म्हणून लोक पर्वतीच्या दिशेनं पळत सुटले. आजोबांनी देव घेतले. आजीनं लोणच्याची बरणी घेतली.

‘‘लोणच्याची?’’

‘‘चाळीस कैऱ्यांचं होतं. नुकतं मुरायला लागलेलं. कडेवर घेतली तिनं, मूल घेतात तशी.’’

‘‘आणि घराचे कागद?’’

‘‘ते राहिले कपाटात. गेले.’’

‘‘अगं आई, कागद सोडून लोणचं?’’

‘‘कागदांची नक्कल मिळाली रे वर्षभरानं,’’ आई म्हणाली. ‘‘लोणच्याची मिळते का?’’

पंचविसाव्या दिवशी पॅकर्सचा मुलगा टॅब घेऊन आला. नम्र मुलगा. खोल्यांतून फिरत तो बोटानं मोजत होता: कपाट तीन, बेड दोन, फ्रिज एक. मग म्हणाला, ‘‘काका, ट्रान्झिट इन्शुरन्ससाठी व्हॅल्यू टाकायला लागेल.’’ टीव्हीची टाकली, फ्रिजची टाकली. पाट्या-वरवंट्यापाशी तो थांबला. तो उचलायला दोन माणसं लागतात. वरवंटा माझ्या पणजीच्या हाताखाली झिजून मधे बारीक झालाय, आणि मिक्सर आल्यापासून तो वर्षातून एकदा, पुरणालाही नाही, फक्त बारशाला बाळ म्हणून कुंचीत गुंडाळायला बाहेर निघतो.

‘‘याची काय टाकू?’’

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई म्हणाली, ‘‘त्याला म्हणावं, तू टाक तुला वाटेल ती.’’ मुलानं जरा विचार करून कढई, घड्याळ, लेमन सेट आणि पाटा-वरवंटा एका ओळीत घेतले आणि लिहिलं: किरकोळ सामान, पाचशे रुपये. जीएसटी वेगळा.

तीस दिवस भरले. बॉक्स बावन्न झाले. त्यातल्या एकोणीस बॉक्सवर मार्करनं ‘बघू’ असं लिहिलंय आणि ते सध्या भाड्याच्या घराच्या दुसऱ्या बेडरूममध्ये छतापर्यंत रचलेले आहेत. त्या खोलीचं भाडं बिल्डर देतो, हा त्यातल्या त्यात आनंद. खोलीचं दार निम्मंच उघडतं. मुलगी डिसेंबरात येणार आहे. झोपणार कुठं, ते बघू.

नव्या जागेत पाऊल ठेवल्यावर आईनं आधी दूध उतू घालायला सांगितलं. गॅस जोडला होता, दूध आणलं होतं. पातेली मात्र सगळी बॉक्समध्ये, आणि कुठल्या बॉक्समध्ये ते कुणालाच सांगता येईना. आमची स्वतःची लहानमोठी चौदा पातेली आहेत, बोहारणीचं धरून पंधरा. बाहेर होतं एकच. बायकोनं ते येताना रिक्षात मांडीवर घेतलं होतं, हरवायला नको म्हणून.

तर वाचकांना विनंती. पातेलं स्टीलचं, काठाखाली ‘श. वि. गो., १२-५-८७’ असं कोरलेलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं. बुडाला दूध लागलंय, ते घासून देऊ. झाकण आमच्याकडे नाही, कधीच नव्हतं. त्यावरून वाद घालू नये.