सोवळ्यातली बंदूक

माझी आजी सोवळ्यात असली की आम्हां पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबावं लागे. जरा पुढे सरकलं की आतून आवाज यायचा, ‘शिवू नकोस रे!’ तो स्वर पुन्हा कानावर पडला तो साठेक वर्षांनी, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, लेकीच्या शेजाऱ्याच्या गॅरेजच्या दारात. ‘हात लावू नका!’ म्हणणारा गृहस्थ सहा फुटी, पांढऱ्या दाढीचा होता आणि बंदुकीचं लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारा खटका, मेणबत्तीवर धरून त्याला काजळी लावत होता.

ही ठिणगीबुवांची जमात. नाव मीच ठेवलं. त्या मुक्कामात आणखी तीन बुवा पाहिले, सगळे एकाच साच्यातले. कोणी जन्मभर इंजिनिअर, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी प्लंबर; निवृत्तीनंतर वेड मात्र एकच. चकमकीची, ठासणीची रायफल स्वतःच्या हाताने घडवायची. ज्या देशात बंदूक दुकानातून उचलून आणता येते, त्या देशात हा माणूस एका बंदुकीसाठी चार वर्षं लाकूड खरवडत बसतो. मोटार बाहेर बर्फात, बंदूक आत उबेला.

लँकेस्टर म्हणजे या मंडळींची पंढरीच. १८व्या शतकात जर्मन मुलखातून आलेले कारागीर इथे राहिले. त्यांच्याकडची शिकारी बंदूक आखूड आणि जाडजूड. तिला त्यांनी इथे ताणून सडपातळ केलं. आता नुसती अष्टकोनी नळीच ४२ ते ४४ इंच भरते. जगाने तिला ‘केंटकी रायफल’ म्हटलं. बुवांसमोर हे नाव काढू नये. चपलेला कोल्हापुरी म्हटल्यावर कसं वाटतं, ते अथणीच्या कारागिराला विचारा.

सोवळ्याचे नियम कडक. स्क्रूच्या डोक्यावर फुली दिसली की विटाळ, कारण फुलीचा स्क्रू १९३०च्या दशकातला. पॉलिशपेपर निषिद्ध, लाकूड पोलादी पट्टीनेच खरवडायचं. पण शास्त्र आलं तिथे पळवाटही आली. लॉक विकतचं कसं चालतं? तर मूळचे कारागीरही लॉक बरेचदा इंग्लंडहूनच आणवत, म्हणून चालतं. आणि नळी कारखान्यातली? इथे बुवांना खोकला येतो. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेला ऐवज बँडसॉ आहे, हे मला बुवांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी सांगितलं. (मनातल्या मनात मी त्यांना वहिनीच म्हणत असे.) आमच्या आळीतले एक शास्त्रीबुवा कांदाभजी खायला एस्टी स्टँडवर जात, त्यांची आठवण झाली.

खरं कर्मठ सोवळं वॉलेस गस्लर यांचं. विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक वसाहतीत त्यांनी १९६०च्या दशकात नळीपासून स्क्रूपर्यंत सगळं जुन्या पद्धतीने घडवलं. १९६९ साली त्यावर माहितीपट निघाला. लोखंडाची पट्टी भट्टीत तापवून, ठोकून ठोकून तिची नळी कशी होते, ते त्यात दिसतं. आपले गवई उस्तादांचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, तसे बुवा गस्लरांचं नाव आलं की टोपी काढतात.

आता ती काजळी. लॉक लाकडात असं बसवायचं की मधे कागदही सरकता कामा नये. म्हणून लॉकला काजळी धरायची, खाचेत हलकेच दाबायचं आणि उचलायचं. लाकूड जिथे आड येतं तिथे काळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका पटाशीने केसभर खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा ठिपका. मी घरी जाऊन चहा घेतला, वामकुक्षी काढली, परत आलो, तरी बुवा त्याच खाचेवर.

‘जुने लोक इतकं बारीक काम करत?’ मी विचारलं.

‘छे. त्यांना घाई असायची.’

खरंच. अस्सल जुन्या बंदुकीचं लॉक काढून पाहिलं तर आत पटाशीचे ओबडधोबड घाव सापडतात. त्या कारागिराच्या दारात गिऱ्हाईक उभं असे. बुवांच्या दारात कोणीच उभं नाही, सगळा घोटाळा तिथेच आहे.

लाकूड मेपलचं, अंगावर वाघासारखे पट्टे. पण कोरं असताना ते पट्टे दिसले न दिसले असेच. ते उठवायला नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते पाणी लाकडाला फासतात. माझ्यादेखत बुवांनी ते फासलं आणि लाकूड शेवाळलेल्या टाकीसारखं हिरवट, घाणेरडं झालं. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून मी तोंड फिरवलं. बुवा शांतपणे त्यावर गरम हवेचं यंत्र फिरवू लागले. (विजेचं यंत्र कोणत्या शास्त्रात बसतं, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.) आणि त्या हिरवटपणातून तांबूस तपकिरी रंग चढत गेला, एकेक पट्टा अंगावर काटा यावा तसा उभा राहिला. मी खुर्ची पुढे ओढून बसलो, खोटं कशाला बोलू!

मग जवसाचं तेल. तळहाताने चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. जवसाची आम्ही चटणी करतो म्हटल्यावर बुवांनी माझ्याकडे पाहिलं ते तुपाने फरशी पुसणाऱ्याकडे पाहावं तसं. नळीला तर चक्क गंज चढवतात! दमट पेटीत ठेवायची, गंजली की घासायची, पुन्हा गंजवायची, असं करत तपकिरी थर बसतो. आमच्या कोकणात खिडकीचे गज हे काम एका पावसाळ्यात फुकट करतात, असं मी म्हणालो. बुवांनी ते वहीत लिहून घेतलं.

अखेर बार काढायचा दिवस उजाडला. नळीत मोजून दारू, त्यावर तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, गजाने तळापर्यंत ठासलेली. ती पट्ट्यापट्ट्यांची चिंधी गादीच्या खोळीची असते; पाहुण्यांच्या खोलीतली गादी एका बाजूने का उसवलीय, हे वहिनींना तेव्हा कळलं. कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाच्या बारीक भोकाशी, चिमूटभर रंजक (पेटवणीची दारू) घातली, घोडा मागे ओढला, चाप दाबला. गारगोटी पोलादावर घासली, ठिणग्या पडल्या, रंजक भडकली, बुवांची दाढी धुरात बुडाली. नळी मात्र गप्प.

फुसका बार हा शब्द मी जन्मभर पुढाऱ्यांसाठी वापरला. त्याचं मूळ रूप त्या दिवशी पाहिलं. दीडेक मिलिमीटरच्या कानात तेल जाऊन बसलं होतं. सुईने कोरल्यावर दुसऱ्या खेपेला बार निघाला. गोळी कुठे लागली, याची चौकशी बुवांनी केली नाही. ते भिंग घेऊन नळीवर डाग पडलाय का, ते बघत होते.

तिकडच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात ही बंदूक बंदुकीत धरलीच जात नाही, पुराणवस्तूत मोजतात. मी बुवांना सांगितलं, कुडाळकडे आमच्या दादाकडे शेतीच्या राखणीसाठी ठासणीची आहे, पणजोबांच्या वेळची. तिला परवाना लागतो, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. मग फोनमधला दसऱ्याचा फोटो दाखवला. पाट, झेंडू, कुंकू आणि मधे बंदूक. दादाने पूजेसाठी पितळ ब्रासोने घासून लखलखीत केलं होतं, आणि दस्त्याला दरवाज्याचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट दिला होता.

बुवा खाली बसले. पाणी मागितलं. शंभर वर्षांचा रंग एका दुपारी पुसला, असं काहीसं पुटपुटले. निघताना माझा हात हातात धरून त्यांनी एक निरोप दिला, तो पोचवतो. कोणाच्या घरी जुनी ठासणीची असेल, तर दसऱ्याला झेंडू वाहा, हळदकुंकू वाहा, नारळही फोडा. ब्रासो तेवढा लावू नका.